मुकादमाचा कोपरा

“हलू नगंस. हललीस की मुकादम पळंल,” आबा म्हणाले.

मी हलत नव्हतेच. त्या मोठ्या काळ्या धोंड्यापासून चार हातांवर उकिडवी बसून माझे पाय कधीचे बधिर झाले होते. हातात कोळसा होता, सुतकी म्हणजे छोटी हातोडी धोंड्याच्या पलीकडच्या टोकाला राहिली होती आणि करायचं काम समोर पडलं होतं. पण मुकादम धोंड्याच्या उगवतीच्या कोपऱ्यावर येऊन बसला होता, आणि तो बसला की आमचं काम थांबायचं.

मुकादम म्हणजे सरडा. शेपटी धरून जेमतेम वीतभर. अंग वाळक्या गवताच्या रंगाचं, पाठीवर विटकरी नक्षी, लांबून बघितला तर दिसायचाही नाही. बोरसाळच्या माळावर असले सरडे पुष्कळ होते, पण हा एकटाच सगळ्यात मोठ्या धोंड्यावर यायचा, पुढचे दोन पाय ताठ करायचा, मान वर काढायचा आणि सगळ्या माळावरून अशी नजर फिरवायचा की ते हजारो धोंडे त्यानंच उभं राहून मांडून घेतले आहेत. मधूनच मान खालीवर करायचा. आबा म्हणायचे, “बघ, हजेरी घेतोय.” म्हणून तो मुकादम.

मग त्यानं गळा उघडला.

मी सोळा वर्षांची होते, आणि दगड सोडून दुसरं काही डोळे भरून बघायची सवय मला नव्हती. त्याच्या गळ्याखालची सैल कातडी पुढं आली आणि हातपंखा उलगडावा तशी उलगडली. आधी निळा, असा निळा की तो रंग उन्हात ओला दिसत होता. त्याच्यामागे काळा. आणि पार शेवटी, पोटाकडे, शेंदरी. पापणी लवली आणि पंखा मिटला. पुन्हा तोच मातकट सरडा. मी श्वास धरून बसले. पुन्हा उघडला. त्या ओसाड माळावर, जिथं कुसळ, एक हिवराचं झाड आणि काळे धोंडे सोडून काही नव्हतं, तिथं हा एवढासा निळा लखलखायचा आणि जायचा.

माळाला त्या दिवसांत कडच नसायची. चैत्र संपत आलेला, उन्हानं लांबचे धोंडे जमिनीपासून सुटून हवेत तरंगत होते. वारा पडला की सगळं इतकं गप्प व्हायचं की आपण जागे आहोत का झोपेत, तेच समजायचं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. मी कामाला आले आहे हे विसरायला झालं होतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आम्ही पाथरवट. आबा, म्हणजे माझे वडील निंगाप्पा पाथरवट, पाच-पंचवीस गावांत त्यांचं नाव होतं, ते घडवण्यासाठी कमी आणि ऐकण्यासाठी जास्त. दगडाला सुतकी मारली की तो बोलतो. आतून सलग असेल तर खणखणीत वाजतो, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो, तडकलेल्या माठासारखा. पण चीर लहान असेल, खोल असेल, तर तो फरक केसाएवढा असतो, आणि तो केस आबांना ऐकू यायचा. बोरसाळकरांना महादेवाच्या नव्या देवळासाठी एकसंध दगडाचा नंदी हवा होता. त्यांनी आबांना बोलावलं ते म्हणूनच.

आबांना मुलगा नव्हता. मी त्यांच्याबरोबर सामान उचलायला जायची, असं लोकांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. वर्षभर आबा दगडावर सुतकी मारून झाली की मला विचारायचे, “सुंदे, तुला काय वाटतं?” मी सांगायची. ते मान हलवायचे, जणू मी परीक्षेत पास झाले. आपल्याला शिकवतायत, ह्या आनंदात मी होते.

खरं काय ते मला ह्या माळावर पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या हातून पहार सुटली आणि त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर दगडावर आदळली. मी दचकले. झाडावरचा भारद्वाज उडाला. आबा मात्र पाठमोरे बसून तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले. मी त्यांना हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. मग पुढं जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना सगळं समजलं.

“आईला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “आता तुला. आनी कुनाला न्हाई.”

“कधीपासनं?”

“तीस वर्सं कानापाशी घन वाजतोय. एका दिवसात जातंय व्हय?”

म्हणजे आमशी गावच्या तुळशीवृंदावनाचा दगड मी निवडला होता. खालच्या वाडीची दळायची दोन जाती मी निवडली होती. मला अभिमान वाटला, पण तो क्षणभरच. बहिऱ्या पाथरवटाला कोण दगड दाखवायला बोलावणार? आबांचे चुलतभाऊ होते, त्यांनी घेतलेल्या नंदीचं शिंग घडवताना तडकलं. गावानं अपशकुन मानला. पुढं त्यांना कुणी पाट्याला टाकी लावायलासुद्धा दारात उभं केलं नाही. त्यांच्या पोराबाळांचे हाल मी डोळ्यांनी बघितले होते.

त्याच दिवशी आम्ही खुणा ठरवल्या. दगड चांगला वाजला तर मी आबांसमोर उभी राहून मान डोलवायची. वाईट वाजला तर खाली बघायचं. तेवढं पुरे होतं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. एक बरा दिसणारा धोंडा आम्ही बघत होतो, तेवढ्यात एक सरडा पळत आला आणि त्याच्या बगलेतल्या फटीत शिरला. आबांनी लगेच सामान उचललं.

“का वो? वाजवू तरी.”

“सरडा धोंड्याखाली शिरला तर शिरू दे, त्येला सावली पायजे. धोंड्यात शिरला, तर त्यो धोंडा सोडायचा. त्येचं घर हाय तिथं. घर म्हंजे आत जागा हाय.”

आणि मग हा मोठा धोंडा सापडला होता. बैल बसल्यासारखाच पडलेला, कुठं डाग नाही, कुठं फट दिसत नाही. मुकादम त्याच्या डोक्यावर यायचा तो खालून, कुसळातून. गावकरी पूजेला तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. दुसऱ्या दिवशी मला तो धोंडा पूर्ण वाजवायचा होता.

वाजवायची आमची रीत अशी. वीत-वीत अंतरानं सुतकी मारायची, कान लावायचा, चांगलं वाजलं की तिथं कोळशाची टिकली लावायची. टिकली म्हणजे पाथरवटाचा शब्द. सगळा धोंडा टिकल्यांनी भरला की तो घ्यायचा. आबा समोरच्या हिवराच्या बुडाशी चपट्या दगडावर बसून राहिले. लोकांना वाटावं म्हातारा सावलीत बसून पोरीकडून काम करून घेतोय.

मावळतीची बाजू वाजवली, पोट वाजवलं, पाठ वाजवली. काय वाजत होता तो! प्रत्येक ठोका अंगातून जायचा आणि माळावर लांब कुठंतरी जाऊन विरायचा. साठ-सत्तर टिकल्या लावून मी उगवतीच्या कोपऱ्यापाशी आले तर मुकादम बसलेला.

आबा म्हणाले हलू नगंस, मी बसले. किती वेळ बसले ते सांगता यायचं नाही. तो पंखा उघडत होता, मिटत होता. कुसळातून एक मादी आली, साधी, मातकट, आणि त्याच्याकडे लक्ष न देता मुंग्या टिपत निघून गेली. त्यानं आणखी चेव येऊन गळा फुगवला, दोन पायांवर उठल्यासारखा झाला. मला हसू आलं. मग ऊन चढलं आणि कधी तरी तो दिसेनासा झाला. कुठं गेला ते मी बघितलं नाही. माझे डोळे मिटत आले होते.

कोपरा रिकामा होता. सुतकी मी धोंड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवून आले होते, पाणी प्यायला गेले तेव्हा. कोळसा मात्र हातात होता.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला उठवत नव्हतं. सत्तर ठिकाणी वाजलेला दगड एकाहत्तराव्या ठिकाणी कशाला फसवतोय, असं मनात आलं. आणि दुसरंही होतं, तेच जास्त खरं. त्या कोपऱ्यावर सुतकी मारली की मुकादम बिथरणार, पुन्हा तिथं यायचा नाही. मला तो उद्याही बघायचा होता. मी हात लांब केला आणि त्या कोपऱ्यावर कोळशाची टिकली लावली.

संध्याकाळी माळ उतरताना आबा थांबले. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, “सगळा वाजवलास?”

“सगळा.”

“कोपरे?”

“चारी.”

त्यांनी मागे वळून धोंड्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाले, आणि चालायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोरसाळ माळावर चढलं. पुढं हलगी, मागं सरपंच केशरराव, सोपान गुरव ताट घेऊन, आणि पन्नास-साठ माणसं. आम्ही आधीच येऊन बसलो होतो. सूर्य हिवराच्या शेंड्यावर आला होता. मुकादम त्याच्या जागी होता, टिकलीच्या अगदी वर. हलगी जवळ आली तशी त्यानं मान ताठ केली. मला वाटलं, आता तो खाली कुसळात उडी मारेल.

त्यानं उडी मारली नाही. तो कोपऱ्यावरून बोटभर खाली सरकला, दगडफुलाच्या पांढऱ्या खपलीपाशी थांबला, आणि त्या खपलीच्या आड शिरला. डोकं गेलं, अंग गेलं, शेपटीचा शेंडा जरा वळवळला आणि तोही गेला. धोंड्याच्या आत.

खपलीखाली चीर होती. करंगळी जाईल न जाईल एवढी, पण मुकादमाचं घर होतं आत. आणि त्याच्या बरोबर वर माझी टिकली होती.

मी आबांकडे वळले, पण त्यांच्याभोवती माणसं जमली होती. गुरवानं ताट खाली ठेवलं होतं. दगडाच्या पूजेची रीत ठरलेली. हळदीकुंकवाआधी पाथरवटानं गावासमोर दगड बोलता करायचा. तीन ठोके. एक मध्यावर, एक डोक्याकडे, आणि तिसरा त्याच्या मर्जीनं जिथं मारायचा तिथं. गावानं आपल्या कानानं ऐकायचं. मग कुंकू, मग नारळ. एकदा नारळ फुटला की तो दगड राहत नाही, देव होतो, आणि देवाला कुणी नको म्हणत नाही. मग तो तडकला तर पाथरवटाच्या माथी.

आबांनी सुतकी उचलली. मध्यावर पहिला ठोका मारला. खण्ण! लोकांनी माना डोलावल्या. डोक्याकडे दुसरा. खण्ण! हलगीवाला म्हणाला, “घंटाच की वो!” केशरराव मिशीवरून हात फिरवत हसले. गुरवानं नारळ हातात घेतला.

मग आबांनी सुतकीचा दांडा माझ्याकडे केला.

“तिसरा सुंद्रा मारंल.”

“पोरीचा हात?” गुरव म्हणाला. “देवाच्या दगडाला? निंगाप्पा, काय येड लागलं काय?”

आबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी मनाशी म्हटलं, ह्यांना ऐकूच गेलं नसेल. दांडा तसाच माझ्यापुढं धरला होता.

मी सुतकी घेतली. त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय आलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. मर्जीनं जिथं मारायचा तिथं. पोटावर मारला असता तर खणखणीत वाजला असता, नारळ फुटला असता आणि संध्याकाळी आम्ही घरी गेलो असतो. माझी टिकली कुणाला कळली नसती. कदाचित तो नंदी तडकलाही नसता. आणि कोपऱ्यावर मारला तर? तर बद्द वाजणार, आणि सगळे आबांकडे बघणार. त्यांना कळणार कसं? खूण. मी खाली बघेन, ते समजतील, ‘न्हाई चालायचा’ म्हणतील, लोक म्हणतील काय कान आहे निंगाप्पाचा. एवढाच आधार होता.

मी उगवतीच्या कोपऱ्याला वळसा घातला आणि हिवराकडे तोंड करून उभी राहिले. आबा माझ्यासमोर आले. त्यांच्या डोक्यामागे ऊन होतं का पुढं, ते बघायला मला तेव्हा कुठली फुरसत. मी टिकलीवर ठोका मारला.

बद्द.

लहान पोरालाही कळावं इतकं बद्द. हलगीवाल्याचं तोंड उघडं राहिलं. मी आबांच्या डोळ्यांत बघितलं आणि सरळ खाली मान घातली. एकदा नव्हे, दोनदा.

आबांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाले, “वा! खणखणीत!”

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तेवढ्यात खपलीमागून मुकादम बाहेर आला. त्याच्या डोक्यावर धूळ पडली होती. तो कोपऱ्यावर चढला, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि गळ्याचा पंखा उघडला. भांडायलाच आला होता तो.

“निंगाप्पा,” केशरराव आबांच्या पाठीमागून म्हणाले, “ऐकू येत न्हाई व्हय तुला?”

आबा वळले नाहीत. ते मुकादमाकडे बघत होते.

“आरं, बहिरा हाय ह्यो!” गुरव म्हणाला. मागे कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले.

मला रडू फुटलं. पण रागही आला, आणि माझा राग नेहमी रडण्यापेक्षा जरा पुढं धावतो. मी सुतकी उंच धरली.

“दगड चिरलाय,” मी ओरडले. “नारळ फोडू नका. म्या काल हितं वाजवलं न्हवतं. वाजवल्याबिगर टिकली लावली. चूक माझी हाय, आबांची न्हाई.”

“तुझी कशी?” केशररावांना उमगेना. “दगड कोन बघतंय, तू का त्यो?”

आबा आता माझ्या बाजूला आले होते. त्यांनी केशररावांच्या ओठांकडे बघितलं.

“हीच बघती,” ते म्हणाले. “वरीसभर हीच ऐकतीया. आमशीचं वृंदावन हिनंच ऐकलेलं. मला घन ऐकू येत न्हाई, सरपंच. आता तुमी सगळ्यांनी बी बघितलं. कानाचं काम हिचं, हाताचं माझं. पटत असंल तर बोला.”

मग त्यांनी पहार घेतली. मुकादमाला आधी गवताच्या काडीनं हुसकलं, नीट, जपून, घरातली कोंबडी हाकलावी तसं. पहारेचं टोक चिरेत घातलं आणि दाबलं. कोपरा सुटून खाली पडला. आत लाल माती होती, वाळकं गवत होतं, सरड्याची सोललेली कात होती, आणि त्याच्या मागं काळी बारीक रेघ थेट धोंड्याच्या पोटाकडे गेली होती. नंदीची मान तिथंच आली असती.

केशररावांनी बोटानं ती रेघ चाचपली. बराच वेळ चाचपली. गुरवानं नारळ परत ताटात ठेवला.

“पोरी,” केशरराव म्हणाले, “दुसरा दाव.”

दुसरा दाखवायला मला दुपार झाली. लोक कुसळात बसले. मी वीत-वीत वाजवत होते, आणि साठ माणसं कान टवकारून दगड ऐकत होती. हलगीवालासुद्धा. एकही कोपरा मी सोडला नाही. शेवटची टिकली लावली तेव्हा माझ्या बोटांना कोळसा आणि घाम लागून काळं पाणी गळत होतं. नारळ त्या दगडावर फुटला.

उतरताना आबा पुढं होते. मी पळत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“आबा, म्या खूण केली हुती. दोनदा. तुमी बघितलं न्हाई?”

“ऊन हुतं डोळ्यावर,” आबा म्हणाले.

मी आयुष्यभर लोकांना तेच सांगितलं. ऊन डोळ्यांवर आलं, नाही तर आबांचं बिंग फुटलं नसतं. बोरसाळचा नंदी आबांनी आठ महिन्यांत घडवला. त्यानंतर ते अकरा वर्षं होते. ते घडवायचे, मी ऐकायची. पहिल्यांदा लोक हसत आले, मग नुसते आले. आबा गेल्यावर लोक ऐकणाऱ्या सुंद्राबाईचं घर विचारत यायला लागले. बाईनं देवाचा दगड ऐकायचा का, हे विचारायचं लोक कधी बंद झाले ते माझ्या ध्यानातही आलं नाही. बोरसाळला मात्र त्या सकाळनंतर कुणी ते कधीच विचारलं नाही. तिथं सगळ्यांनी ऐकलं होतं.

गेल्या चैत्रात मी पुन्हा बोरसाळला गेले. चाळीस वर्षांवर झाली. देवळाला नवा कळस चढत होता, म्हणून मला मानानं बोलावलं होतं. गेली दोन वर्षं माझा डावा कान जवळजवळ गेला आहे, उजवाही त्याच वाटेनं चालला आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही. दगड वाजवला की सूनबाईला विचारते, “तुला काय वाटतं?” ती सांगते. मी मान हलवते.

सकाळी उठून मी एकटीच माळावर चढले. धोंडा तिथंच होता, कोपरा तुटलेला. हिवरही तिथंच, थोडा वाळलेला. आबांच्या चपट्या दगडावर बसले आणि धोंड्याकडे बघितलं.

तिथून धोंड्याच्या चार बाजूंपैकी एकच बाजू दिसते. उगवतीचा कोपरा. तो तर इतका समोर येतो की कोपऱ्यावर कुणी हात ठेवला तर बोटं मोजता येतील. त्या दिवशी तिथं एक सरडा बसला होता. मी बसलेली असतानाच तो तुटलेल्या कडेवरून खाली सरकला आणि आता रुंदावलेल्या त्या काळ्या रेघेत शिरला. शेपटीचा शेंडासुद्धा मला दिसला, आणि माझे डोळे आता म्हातारे आहेत. आबांचे तेव्हा नव्हते. मी धोंडा वाजवला त्या दिवशी ते सकाळपासून इथंच बसून होते.

म्हणजे त्यांनी मुकादमाला आत शिरताना बघितलं होतं. मी सुतकीशिवाय टिकली लावलेलीही बघितली होती. आणि मग विचारलं होतं, कोपरे?

मी उठले आणि त्या सकाळी आबा जिथं उभे होते तिथं जाऊन उभी राहिले, हिवराकडे पाठ, धोंड्याकडे तोंड. सूर्य हिवराच्या शेंड्यावर आला होता, अगदी तेव्हासारखा. माझी मान, पाठ तापायला लागली. समोर माझी सावली धोंड्यापर्यंत गेली होती. इथं उभं राहणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन नव्हतं. त्या सकाळी ते माझ्या डोळ्यांवर होतं, मी हिवराकडे तोंड करून उभी होते तेव्हा. आबांना मी लख्ख दिसत होते. माझी खाली गेलेली मान त्यांनी बघितली होती, दोन्ही वेळा.

त्यांनी नुसतं ‘न्हाई चालायचा’ म्हटलं असतं तर त्यांचं नाव राहिलं असतं. आणि मी जन्मभर सामान उचलणारी पोर राहिले असते.

मी तिथंच खाली बसले. पदरानं तोंड पुसलं. सरडा कधी तरी परत कोपऱ्यावर आला होता आणि मान खालीवर करत होता.

“आबा,” मी मोठ्यानं म्हणाले, “ऊन तर तुमच्या पाठीला हुतं की वो.”

माझाच आवाज मला नीट ऐकू आला नाही. खाली देवळाकडून सूनबाई मला शोधत वर येत होती. काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. ती जवळ येईपर्यंत मी थांबले आणि तिला म्हटलं, “बस हितं. तुला एक सांगायचं हाय, आनी मग खाली जाऊन सगळ्यांना सांगायचं हाय.”